वस्तरा, कात्री आणि केशरोपण : एका कसबाचा इतिहास



व्याख्यानमालेत आजवर स्वराज्य, संतवाङ्मय, शेतीचे पाणी असे भारदस्त विषय झाले. आम्ही मात्र डोक्यावरच्या केसांविषयी बोलणार आहोत. आम्ही शाळेत फार दिवस बसलो नाही. जे काही वाचले ते रात्री, दिवसभराचे संघटनेचे काम आटोपल्यावर. त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानी आली. जे विषय हलके म्हणून बाजूला टाकले जातात, त्यांच्यात कष्टकऱ्यांचा इतिहास दडलेला असतो. राजांचे मुकुट संग्रहालयात सापडतात. पण त्या मुकुटाखालचे डोके दर चार दिवसांनी कोणाच्या हाती जात असे, हे विचारले की बखरी गप्प बसतात.

विषय निवडण्यास कारणही घडले आहे. आपल्या अकलूजमध्ये आणि आसपासच्या गावांत केशरोपण करून आलेले तरुण आता दिसू लागले आहेत. कोणी पुण्याला जातो, कोणी मुंबईला. डोक्यावर सैल टोपी घालून परत येतो, आठ-दहा दिवस घराबाहेर पडत नाही, आणि मग एके दिवशी नेहमीच्या सलूनच्या खुर्चीत येऊन बसतो. डॉक्टर दूर शहरात असतो. समोर असतो तो गावचा कारागीर, हातात कात्री घेतलेला. आता कात्री लावायची की नाही, लावायची तर कोठे, मशीन चालेल काय, हे त्याने कोणाला विचारायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

गावगाड्यातील बारा बलुतेदारांत न्हावी हा एक. त्याची धोकटी म्हणजे एक चालते-फिरते दुकान. तीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, वस्तऱ्याला धार लावण्याचा चामड्याचा पट्टा आणि आरसा असे. वर्षभर घराघरांत श्मश्रू करायची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य मागायचे, असा हिशेब. पण त्याचे काम केसांपुरते नव्हते. गळू फोडणे, काटा काढणे, रक्त काढणे, जखम बांधणे ही कामेही गावोगाव त्याच्याकडे येत. ज्याच्या हाती धारदार हत्यार आणि ज्याचा हात स्थिर, त्याच्याकडे लोक दुखणे घेऊन जाणारच.

युरोपातही हेच होते. तिकडे न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा धंदा कित्येक शतके एकच होता. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळी, १५४० साली, न्हाव्यांची व शस्त्रवैद्यांची एकच कंपनी कायद्याने स्थापन झाली. ती १७४५ साली फुटली आणि दोघांचे रस्ते वेगळे झाले. आधुनिक शस्त्रक्रियेचा एक आद्य पुरुष मानला जाणारा फ्रेंच आंब्रवाझ पारे हा मुळात न्हावी-शस्त्रवैद्यांच्या वर्गातला. पुढे शस्त्रवैद्य विद्यापीठात गेला, त्याला पदवी व प्रतिष्ठा मिळाली. न्हावी दुकानातच राहिला. हत्याराची धार दोघांची एकच होती, पण मान वाटताना समाजाने हात आखडला.

आपल्याकडे मान तर दूरच. न्हाव्याच्या उकिरड्यात केसच निघायचे, अशी म्हण आपण सहज वापरतो. पण त्याच समाजातून सेना न्हावी वारकरी संतांच्या मालिकेत बसले. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांवर उगारलेला सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशिद, हे दोघेही याच समाजातले, असे परंपरा सांगते. विसाव्या शतकात माथेरानचे भाई कोतवाल वकील झाले, स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. अशी नावे इतिहासात राहिली ती लढाईमुळे. ज्या कसबावर घर चालत असे, त्या कसबाबद्दल कोणाचे नाव राहिले काय? राहिले नाही. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे.

१७९२ साली संपलेल्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर कावसजी नावाचा एक गाडीवान होता. तो टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. तो तसाच परत आला आणि सुमारे वर्षभर बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला होता. त्याने प्रथम मेणाचे नाक करून पाहिले. ते मेण चपटे करून कपाळावर ठेवले, त्याची रेघ काढली, आणि त्या मापाची कातडी सोडवून घेतली. पण सगळी सोडवली नाही. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. कातडी पिळा देऊन खाली आणली, नाकाच्या जागी बसवली, कडा जुळवून कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी धरून ठेवली. पाच-सहा दिवस रोगी उताणा. सुमारे पंचवीस दिवसांनी जोडलेली पट्टी कापली, आणि नाक आपले स्वतःचे झाले.

थॉमस क्रूसो आणि त्याचा एक सहकारी अशा दोघा इंग्रज डॉक्टरांनी हा प्रकार पाहिल्याचे नमूद आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्पू या लंडनच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे प्रकरण मोठ्या मानाने सांगितले जाते. आता पाहा : रोग्याचे नाव माहीत आहे. पाहणाऱ्या डॉक्टराचे नाव माहीत आहे. ज्याने कावसजीचे चित्र काढले त्या जेम्स वेल्स या चित्रकाराचेही नाव माहीत आहे. ज्याने नाक केले, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही! ज्याच्या हाताने विद्या सातासमुद्रापार गेली, तो वीट भाजणारा एक जात म्हणून राहिला, माणूस म्हणून नाही.

याच हकिकतीत आजच्या विषयाचे एक बीज आहे. कपाळाची कातडी नाकावर बसवताना वर केसांच्या भागापर्यंत गेले, तर नव्या नाकावर केस उगवतात, हे शस्त्रवैद्यांना पुढे अनुभवाने कळले. म्हणजे कातडी नवीन जागी गेली तरी आपला मूळ स्वभाव सोडीत नाही. सासरी आलेल्या मुलीच्या बोलण्यात माहेरची बोली राहावी, तसेच हे. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

आता आम्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येतो. कामगार चळवळीच्या माणसाला हे पान वाचताना छाती भरून यावी, असे ते आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे अनुयायी. त्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 'दीनबंधु' पत्र चालवले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती त्यांच्या लढ्यामुळे. आज आपण रविवारी जी विश्रांती घेतो, तिचे मूळ तेथे आहे. त्याच १८९० साली, त्याच लोखंड्यांच्या पुढाकाराने, मुंबईत नाभिकांची सभा भरली, आणि शेकडो कारागिरांनी ठरवले की विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालवणार नाही.

हा संप पगारवाढीसाठी नव्हता. उलट ठरावीक दिवसांनी हमखास मिळणारे पैसे त्यांनी आपल्या हाताने सोडले. ज्या बाईचा नवरा मेला, तिच्या डोक्यावरचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढायचे, आणि ते पाप कारागिराच्या हाताने करून घ्यायचे, ही ती रूढी. शास्त्र सांगणारे वेगळे, आग्रह धरणारे वेगळे, पण बाईच्या रडण्यासमोर बसणारा मात्र वस्तरेवाला. त्याने म्हटले, आमचे हात यापुढे या कामाला नाहीत. आमच्या मते जगाच्या कामगार इतिहासात असे संप थोडे सापडतील. आपले काम कोणाच्या अंगावर होते आहे, त्याचा त्या माणसाला त्रास होतो की आनंद, याचा विचार कामगाराने संघटितपणे केला, हे त्यातले महत्त्व.

पुढे पार्वतीबाई आठवल्यांसारख्या स्त्रियांनी वपन सोडून केस पुन्हा वाढवले. अर्धवट वाढलेले केस घेऊन लोकांत वावरणे हे त्या काळी किती अवघड गेले असेल! केस परत येण्याचा मधला काळ, जेव्हा डोके ना धड बोडके ना धड भरलेले, तो सोसण्याला धीर लागतो. आजच्या रोपण केलेल्या तरुणाचे दुःख त्या मानाने काहीच नाही. पण लोकांच्या नजरा त्यालाही झेलाव्या लागतात.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. ज्या गावगाड्यात न्हाव्याला मान नव्हता, त्याच गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागत नसे. ती सक्ती वरून होती हे खरे, पण ज्याला नकार मिळाला त्याचे दुःख त्यामुळे कमी होत नव्हते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली आणि १९५५ च्या कायद्याने असा नकार हा गुन्हा ठरला. आज सलूनची खुर्ची कोणालाही जात विचारत नाही, निदान विचारता कामा नये. ही खुर्ची लोकशाहीची एक शाळाच म्हणावी. तेथे वर्तमानपत्र असते, वाद असतो, आणि साहेब असो की हमाल, प्रत्येकाला त्या खुर्चीत मान खाली घालावी लागते.

असो. आता केस एका जागेवरून उपटून दुसऱ्या जागी लावण्याच्या विद्येकडे वळू. जपानात सासागावा यांनी १९३० च्या सुमारास आणि ओकुडा यांनी १९३९ साली या दिशेने काम प्रसिद्ध केले. ओकुडांनी बारीक गोल नळीसारख्या हत्याराने केस असलेल्या कातडीचे तुकडे काढून भाजल्याच्या वणांवर लावले. १९४३ साली तामुरा यांनी त्याहून बारीक, एकेक केसाचे रोपण केले. पण मध्ये महायुद्ध पेटले, आणि हे ज्ञान जपानी भाषेतच अडकून पडले. युद्ध फक्त माणसे मारीत नाही, विद्याही मारते, हे यावरून समजते.

पुढे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख या डॉक्टरांनी १९५२ साली टक्कल पडलेल्या डोक्यावर केस लावले आणि १९५९ साली त्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी सिद्ध केलेले तत्त्व तेच, जे आम्ही मघाशी नाकाच्या गोष्टीत सांगितले : मूळ जेथून आले, तेथलाच स्वभाव ते नव्या जागी पाळते. पुरुषांचे टक्कल पुढच्या आणि वरच्या भागावर पडते, पण मागचे व कानांवरचे केस बहुधा म्हातारपणापर्यंत टिकतात. मग मागची मुळे पुढे लावली, तर ती पुढेही टिकतील. एवढे सोपे तत्त्व. पण त्या काळी चार मिलिमीटर रुंदीचे तुकडे लावीत, त्यामुळे डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे, केसांचे झुपके आणि मध्ये मोकळी जमीन. ऊस लावल्यावर सरीत जशा बेटांमध्ये खिंडारी दिसावी, तसे.

सुधारणा झाली ती १९९० च्या दशकात. निसर्गात केस एकेकटे नसतात. एका छिद्रातून एक, दोन, तीन, कधी चार केस असे गुच्छ निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे गुच्छ वेगळे करून लावण्याची पद्धत आली. त्यासाठी डोक्याच्या मागून कातडीची एक लांब पट्टी काढून जखम शिवीत. २००२ पासून दुसरी पद्धत प्रसिद्धीस आली. तीत पट्टी न काढता, एक मिलिमीटरच्या आसपास तोंड असलेल्या हत्याराने एकेक गुच्छ वेगळा काढतात. पहिल्या पद्धतीत मागे एक आडवी रेघ राहते, दुसरीत बारीक ठिपके. सलूनवाल्याने हा फरक नीट लक्षात ठेवावा. ज्याच्या मागे रेघ आहे, त्याचे मागचे केस फार बारीक मशीनने कापले तर ती रेघ उघडी पडते.

आता यातील श्रमाचा हिशेब पाहू. कारण आमचा धंदाच हिशेब विचारण्याचा आहे. समजा, तीन हजार गुच्छ लावायचे आहेत. प्रत्येक गुच्छ एकदा काढावा लागतो, एकदा तपासून थंड द्रावणात ओला ठेवावा लागतो, आणि एकदा नव्या जागी योग्य कोनात बसवावा लागतो. म्हणजे किमान नऊ हजार वेळा कोणाचा तरी हात चिमटा घेऊन हलतो. सहा-आठ तास मान खाली, डोळे भिंगाला. ही कामे पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांच्या हाताखालचे तंत्रसहायक करतात. बिलावर डॉक्टराचे नाव असते, जाहिरातीत दवाखान्याचे नाव असते. त्या हातांचे नाव कोठे असते? पुण्याच्या त्या वीटकऱ्याची गोष्ट संपली, असे ज्याला वाटते, त्याने या खोलीत डोकावून यावे.

आणि जेथे श्रमाला नाव नसते, तेथे जबाबदारीलाही नाव नसते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर थोड्याच काळात एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक मुळे लावल्याची बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. एकाच दिवसात एवढे काम का करायचे? गिऱ्हाइकाला घाई, दवाखान्याला धंदा, आणि मध्ये माणसाचा देह. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे, ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच करावी, आणि चित्रफिती पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेत बसून कोणाला तो अधिकार मिळत नाही, असे त्यांत आहे. सूचना चांगल्या आहेत. त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी गिऱ्हाइकाने प्रश्न विचारले पाहिजेत : डॉक्टर कोण, त्यांचे शिक्षण काय, मुळे काढणार कोण, लावणार कोण? जो दवाखाना या प्रश्नांनी रागावतो, तेथून पायउतार व्हावे.

आता मुख्य गोष्ट. रोपण करून माणूस गावी आला. त्याचे पुढचे वर्ष कसे जाते आणि त्यात कात्री-वस्तऱ्याचे स्थान काय?

पहिले दहा दिवस तर केसालाही धक्का लागता कामा नये, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी. नवी मुळे तेव्हा नुसती टेकलेली असतात. अंगठ्याने उकरले, टोपी घासली, नळाची धार जोरात पडली, तर ती निसटू शकतात. साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ती धरतात. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून पातळ फेस हलक्या हाताने सोडून तांब्याने पाणी ओतावे. खपल्या नखाने काढू नयेत; आठवड्या-दोन आठवड्यांत त्या आपोआप सुटतात. या दिवसांत घट्ट फेटा नाही, घट्ट हेल्मेट नाही. म्हणून मोटारसायकलच नाही. तालमीतली माती नाही, नीरेत बुडी नाही, उसाच्या फडातले ऊन नाही. आणि निवडणुकीचा किंवा जत्रेचा गुलाल तर मुळीच नाही. गुलालाला पक्ष नसतो, जखमही ओळखत नाही.

या काळात सलूनमध्ये जाण्याचे कामच नाही. दाढी घरी करावी. दाढीचे केसही मुळासाठी काढले असतील, तर तेथेही डॉक्टरांना विचारूनच पाते लावावे.

दुसरा टप्पा फसवा. दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान लावलेले केस बहुतेक गळून पडतात. पोरगा घाबरतो, पैसे बुडाले म्हणतो, आणि घरचे लोक टोमणे मारतात. वस्तुतः वरचा केस गेला तरी मूळ आत शाबूत असते. छाटलेल्या उसाचा खोडवा फुटायला वेळ लागतो, तसेच हे. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस डोकावू लागतात. प्रथम बारीक, कधी कुरळे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. पूर्ण रूप दिसायला नऊ-बारा महिने, टाळूवर त्याहूनही अधिक काळ लागतो. या मधल्या काळात खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला धीर देणारा शब्द जर कोणाकडून मिळत असेल, तर तो सलूनवाल्याकडूनच. म्हणून त्याला हे वेळापत्रक माहीत असलेच पाहिजे.

पहिली कटिंग कधी? डॉक्टरांनी हो म्हटले की साधारण तीन-चार आठवड्यांनी, खपल्या जाऊन कातडी शांत झाल्यावर, न लावलेल्या भागावर कात्री चालवता येते. बाजूचे आणि मागचे केस मशीनने सारखे करणे त्यानंतर. जेथे नवी मुळे लावली आहेत तेथे मशीनचे पाते घासणे दोन-तीन महिने तरी टाळावे, आणि वस्तरा त्याहूनही उशिरा. केस ओढून कंगवा फिरवू नये. रंग लावण्याची घाई नको. रंगातील रसायने ताज्या कातडीला झोंबतात. आणि चंपी? चंपी हे आपल्या कारागिरांचे खास कसब, गिऱ्हाईक तिच्यासाठीच येते. पण निदान महिना-दोन महिने ती बंद. दर वेळी नवे पाते वापरावे, हा नियम तर सर्वांसाठीच आहे, कारण रक्तातून पसरणारी कावीळ जुन्या पात्यावरून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. ताज्या जखमेच्या डोक्याबाबत तर तो दुप्पट पाळावा. दुखणे वाढत असेल, पू दिसत असेल, कातडी काळी पडत असेल, ताप असेल, तर कात्री खाली ठेवून गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवावे. काम नाकारणे हेही कारागिराच्या कौशल्यात मोडते. १८९० च्या मंडळींनी ते दाखवून दिले आहे.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे, जो परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. रोपण होऊन पंधरा दिवस झाले, आणि घरात वडील गेले. दहाव्याला नदीकाठी क्षौर करायचे. भाऊबंद जमलेले. किंवा नवस बोललेला, तिरुपतीला केस द्यायचे. अशा वेळी काय करावे? शास्त्रीय उत्तर सोपे आहे : वर्षभरानंतर मुळे पक्की झाली की डोके पूर्ण भादरले तरी केस परत येतात, जसे इतर केस येतात. पण पहिल्या काही आठवड्यांत वस्तरा फिरला, तर मुळे व जखम दोहोंचे नुकसान होईल. मग भावाने क्षौर करावे, याने मागचे चार केस कात्रीने उतरवावे. भावकीने यात अडू नये. वडिलांवरची माया पात्याच्या धारेने मोजायची नसते. आणि घाटावर बसलेल्या कारागिराने, माहिती असेल तर, चारचौघांत ठामपणे तसे सांगावे. तेथे त्याचा शब्द लोक मानतात.

२०२० साली टाळेबंदीत सलूनची दारे मार्चपासून बंद झाली. महाराष्ट्रात ती २८ जूनला उघडली, तीही फक्त केस कापण्यासाठी. दाढीला तेव्हा परवानगी नव्हती. तीन महिने रोजच्या रोज कमावून खाणाऱ्या माणसाने काय खाल्ले असेल, याचा विचार ज्यांनी त्या काळी आरशासमोर स्वतःचे केस वेडेवाकडे कापले, त्यांनी अवश्य करावा. एक गोष्ट त्या दिवसांनी सर्वांना शिकवली, की हे कसब वाटते तितके सोपे नाही.

आषाढात तुकोबारायांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होते. वारीच्या वाटेवर ठिकठिकाणी नाभिक मंडळी वारकऱ्यांची दाढी-कटिंग एक पैसा न घेता करतात. थकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवण्याची ही विद्या आहे. तिला आता नव्या ज्ञानाची जोड द्यायची आहे, एवढेच आमचे म्हणणे.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, केशरोपण करणाऱ्या डॉक्टरांनी रोग्याला औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक चिठ्ठी सलूनवाल्यासाठीही मराठीत लिहून द्यावी : कोणत्या तारखेनंतर कात्री, कोणत्या तारखेनंतर मशीन, कोठे अजिबात नाही. एका कागदाचा खर्च तो काय! दुसरी, नाभिक संघटनांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला बोलावून दोन तासांचा वर्ग घ्यावा. तिसरी, दवाखान्यांत चिमटा धरणाऱ्या सहायकांच्या प्रशिक्षणाची, कामाच्या तासांची आणि वेतनाची नोंद असावी, आणि रोग्याच्या कागदावर त्यांची नावे लिहिली जावीत.

ही तिसरी मागणी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. नाव लिहिले की माणूस जबाबदारीने वागतो आणि त्याला जबाबदारीने वागवावेही लागते. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव आता कोणाला सापडणार नाही. १८९० साली वस्तरा खाली ठेवणाऱ्या शेकडो जणांतली बहुतेक नावेही काळाच्या पोटात गेली. ते नुकसान भरून येणारे नाही. पण आजच्या हातांची नावे तरी आजच लिहून ठेवता येतील. पुढच्या खेपेला खुर्चीत बसाल, तेव्हा आरशात स्वतःकडे पाहून झाल्यावर मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याचे पूर्ण नाव विचारा. एवढे केलेत, तरी आमचे दोन शब्द वाया गेले नाहीत असे आम्ही समजू.